बेअर्स आता पॅकर्सना हरवण्याइतके सुधारलेत का?

मिशिगनकाठ (नेपरव्हिल) · ८ डिसेंबर २०२५

काल पॅकर्सच्या लॅम्बो फील्डवर आपण २८-२१ हरलो. चीड आहेच, पण त्याहून जास्त बोलायचंय, म्हणून धागा काढतेय.

नवीन वाचकांसाठी आधी थोडा संदर्भ. आपले शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, एकाच डिव्हिजनमध्ये (गटात) आहेत, एनएफसी नॉर्थमध्ये. डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज हे बाकीचे दोघे. डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी दर सीझनला दोनदा गाठ पडते, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. बेअर्स-पॅकर्स १९२१ पासून खेळतायत आणि लीगमध्ये दुसरी कुठलीही जोडी इतक्या वेळा समोरासमोर आलेली नाही. २०१७ पर्यंत एकूण विजयांत आपण पुढे होतो. मग ते पुढे गेले, आणि २०१९ च्या पहिल्याच मॅचपासून त्यांनी आपल्याला सलग ११ वेळा हरवलं. यंदाच्या जानेवारीत लॅम्बोवरच आपल्या सांतोसने शेवटच्या सेकंदाला ५१ यार्डांचा फील्ड गोल (लाथेने खांबांमधून चेंडू, तीन गुण) मारला आणि २४-२२ ने ती साखळी तुटली.

माझं म्हणणं सरळ आहे. ही टीम पॅकर्सना हरवण्याइतकी सुधारली आहे, आणि २० तारखेला आपल्या सोल्जर फील्डवर हरवेल. ९-४ (नऊ विजय, चार पराभव) हा रेकॉर्ड बघून मी हे म्हणत नाहीये, कारण रेकॉर्ड फसवा असू शकतो. मी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) वाचवणारी पुढची फळी बघून म्हणतेय. गेल्या वर्षी आपला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला ६८ सॅक झाल्या, म्हणजे चेंडू हातात असतानाच तो इतक्या वेळा पाडला गेला. लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये याहून जास्त सॅक फार थोड्या क्वार्टरबॅकनी खाल्ल्यात. पोरगा ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या नंबरला घेतलेला, आणि आपण त्याला अक्षरशः तुडवायला दिला होता. यंदा जो थूनी आला (चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकलेला माणूस), ड्रू डालमन आला, जोना जॅक्सन आला. उजवीकडे डार्नेल राइट आधीपासून होताच. फळीच्या डाव्या टोकाची, टॅकलची जागा अर्धा सीझन हलत राहिली, आता ऑझी ट्रापिलो हा नवखा मुलगा तिथे उभा राहतोय. सॅक निम्म्याहूनही खाली आल्यात. ब्लॅक फ्रायडेला फिलाडेल्फियात ईगल्सच्या छातीवर बसून २८१ यार्ड धावून काढले, स्विफ्ट आणि मोनांगाय दोघांनी शंभरी ओलांडली. ही कामगिरी नशिबाने होत नाही.

काल मध्यांतराला १४-३ मागे होतो. २०२३ किंवा २०२४ ची टीम तिथून ३१-६ हरली असती. या टीमने २१-२१ केलं, आणि शेवटी २२ सेकंद उरले असताना चेंडू त्यांच्या १४ यार्डांवर होता. चौथा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), हवा एक यार्ड. केलेबने एण्ड झोनमध्ये (टोकाच्या गुणांच्या पट्ट्यात) कमेटकडे फेकला, चेंडू आखूड पडला, निक्सनने तो हिसकावला. संपलं.

तुम्हाला काय वाटतं?

निळीनारिंगी · ८ डिसेंबर

कमेट मोकळा होता गं. तो पास आणखी दोन यार्ड पुढे पडला असता तर आज वेगळा धागा निघाला असता.

चीजनगरी (ॲपलटन, विस्कॉन्सिन) · ८ डिसेंबर

धाग्याबद्दल आभार. मी पलीकडच्या बाजूचा, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी प्रामाणिकपणे लिहितो.

बेअर्स सुधारलेत यात शंका नाही. पण "पॅकर्सना हरवण्याइतके" हा शब्दप्रयोग मला घाईचा वाटतो. तुमच्या नऊ विजयांपैकी पाच शेवटच्या दोन मिनिटांत मिळालेत. रेडर्सविरुद्ध २५-२४, तेही ब्लॅकवेलने फील्ड गोल अडवला म्हणून. वॉशिंग्टनविरुद्ध पुन्हा २५-२४. सिनसिनाटीविरुद्ध ४७-४२, तिथे १७ सेकंद राहिले असताना लव्हलंड सुटला. जायंट्स २४-२०. व्हायकिंग्ज १९-१७. यातल्या दोन जरी उलट गेल्या असत्या तर आज तुम्ही ७-६ असता आणि हा प्रश्नच कोणी विचारला नसता. आणि जिथे समोरची टीम खरोखर तयारीनिशी आली, तिथे लायन्सनी ५२-२१ आणि रेव्हन्सनी ३०-१६ ने काढलं.

कालही सामना चुरशीचा झाला हे मान्य. पण आमच्या वॉटसनचा गुडघा ज्या जानेवारीतल्या मॅचमध्ये गेला ती तुमच्याविरुद्धचीच होती. तो माणूस परत आला आणि काल त्याने दोन टचडाउन (चेंडू एण्ड झोनमध्ये नेणं, सहा गुण) केले. तुमच्या सेकंडरीला (पास अडवणाऱ्या मागच्या फळीला) पूर्ण दुपार त्याचं उत्तर सापडलं नाही. आमचा कोच मॅट लफ्लर २०१९ ला आला तेव्हापासून तुमच्याविरुद्ध १२ जिंकलाय आणि एक हरलाय. हे आकडे एका हंगामात पुसले जात नाहीत.

आकडेमोड (ऑस्टिन) · ८ डिसेंबर

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. मी त्या वेगळ्या करून बघतो.

बेअर्सच्या यशाचे यंदा दोन खांब आहेत. एक, प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणं. त्यात ते लीगमध्ये सगळ्यात पुढच्या टीमपैकी आहेत. केव्हिन बायर्ड आणि नॅशॉन राइट यांनी इंटरसेप्शनचा (समोरच्याचा पास हवेतच पकडण्याचा) धडाका लावलाय. दोन, धावण्याचा खेळ. पहिली गोष्ट आठवड्याआठवड्याला बदलते. चेंडू हवेत उडाला की कोणाच्या हातात पडेल, किंवा जमिनीवर लोळणारा चेंडू कोण दाबेल, यात कौशल्य असतं पण नशीबही बरंच असतं. ज्या दिवशी समोरचा क्वार्टरबॅक चुका करत नाही त्या दिवशी हा खांब नसतोच. पॅकर्सचा जॉर्डन लव्ह चेंडू सांभाळून खेळणाऱ्यांपैकी आहे. काल म्हणूनच तुम्हाला फुकटच्या संधी फारशा मिळाल्या नाहीत.

दुसरी गोष्ट मात्र टिकते. थूनी, डालमन, जॅक्सन, राइट हे पुढच्या आठवड्यातही तितकेच वजनदार असणार आहेत. हिवाळ्यात, मिशिगन तलावावरून वारा सुटलेला असताना, चेंडू फेकणं अवघड होतं तेव्हा तर हे सोनं आहे. म्हणून चीजनगरी यांनी मोजलेले पाच निसटते विजय मी बाजूला ठेवतो आणि ईगल्सची मॅच जास्त धरतो. ती २४-१५ होती आणि स्कोअर दाखवतो त्यापेक्षा एकतर्फी होती.

म्हणजे सुधारणा खरी आहे. ती "पुरेशी" आहे का, हे पॅकर्सच्या पुढच्या फळीवर अवलंबून आहे, विशेषतः क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या मायका पार्सन्सवर.

पुणे३० · ८ डिसेंबर

मी दोन सीझन झाले बघतोय, इकडे पहाटे तीनला सुरू झाली मॅच. एक प्रश्न आहे. एवढी चांगली धावणारी टीम आहे तर एका यार्डासाठी धावले का नाहीत? पहिला डाउन मिळाला असता, वेळ होता, मग पुढे आणखी चार प्रयत्न मिळाले असते ना?

मिशिगनकाठ · ८ डिसेंबर

@पुणे३०, अगदी हाच प्रश्न आज शिकागोतल्या प्रत्येक ऑफिसात चाललाय.

धावायचं नाही यामागचं कारण असं असावं: २२ सेकंद उरलेत, तुम्ही सात गुणांनी मागे आहात, फील्ड गोलचा उपयोग नाही. धावून यार्ड मिळवला तरी माणसांच्या ढिगाऱ्यातून उठून पुन्हा रांग लावण्यात सेकंद जातात. आणि पॅकर्सनी त्या यार्डासाठी सगळी माणसं पुढे आणली होती. अशा वेळी सगळे पुढे धावले की मागे जागा मोकळी होते. आपला यंदाचा नवा कोच बेन जॉन्सन, त्याने नेमकी ती जागा हेरली. खेळी बरोबर निवडली होती असं माझं मत आहे. कमेटच्या मागे कोणी नव्हतं. केलेब डावीकडे पळत होता आणि अंगाच्या विरुद्ध बाजूला वळून फेकावं लागलं, त्यात जोर कमी पडला.

गेल्या वर्षी अशा क्षणी आपल्याकडे खेळीच नसायची. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये काय झालं ते आठवा. ३२ सेकंद, हातात टाइमआउट, आणि कोच नुसता उभा. २३-२० हरलो आणि दुसऱ्या दिवशी एबरफ्लूसला काढलं. सीझन चालू असताना कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिली वेळ. तिथून एका वर्षात आपण "योग्य माणूस मोकळा केला, पास आखूड पडला" इथे आलोय. मला हा फरक फार मोठा वाटतो.

निळीनारिंगी · ९ डिसेंबर

खेळीच्या निवडीबद्दल माझं अजिबात पटत नाही. शंभर वर्षं बेअर्स म्हणजे धावणारी टीम. एक यार्ड हवा आहे, मागे मोनांगायसारखा बैल उभा आहे. सातव्या फेरीत निवडलेला मुलगा, त्याला दिलेला प्रत्येक चेंडू तो पुढेच नेतो. त्याला द्यायचा. वेळ गेला तर गेला, १२-१३ सेकंदात एण्ड झोनमध्ये दोन पास टाकता आले असते.

बाकी सगळ्याला +१. मध्यांतरानंतर आपण ज्या पद्धतीने त्यांना ढकलत नेलं ते बघून माझे बाबा (वय ७४, नियम अर्धेच कळतात) म्हणाले, "हे आता घाबरत नाहीयेत." मला तेच दिसलं.

जुना_शिकागोकर · ९ डिसेंबर

बाबांनी नेमकं बोट ठेवलं.

मी इथे आलो तेव्हा डिट्का कोच होता. १९८५ चा सीझन, १५ जिंकले, एक हरले. ऑक्टोबरमध्ये पॅकर्सविरुद्ध सोमवारी रात्री त्याने त्या अगडबंब रेफ्रिजरेटर पेरीला डिफेन्समधून उचलून चेंडू दिला आणि टचडाउन करवला. तेव्हा पॅकर्स म्हणजे आम्ही ज्यांना सहज हरवायचो ती टीम. पुढच्या जानेवारीत न्यू इंग्लंडला ४६-१० ने हरवून सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात मियांदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. आमच्या पिढीला हे दोन्ही बरोबरच आठवतं. त्या षटकारानंतर कितीतरी वर्षं शारजात पाकिस्तानसमोर उतरताना आपली टीम टॉसआधीच दबलेली दिसायची. कागदावर बरोबरीची असली तरी.

पॅकर्सनी आपलं तेच केलंय. १९९२ ला फार्व्ह आला, मग रॉजर्स, आता लव्ह. तीस वर्षांत त्यांना तीन क्वार्टरबॅक पुरले, आपल्याकडे किती आले-गेले याची मोजदाद नाही. आणि प्रत्येक वेळी घाव शेवटच्या मिनिटाला. २०१३ च्या शेवटच्या मॅचमध्ये डिव्हिजन आपल्या हातात होती. ४६ सेकंद राहिले असताना, चौथ्या डाउनवर, रॉजर्सने कॉबला ४८ यार्डांचा पास टाकला. ३३-२८. २०१८ मध्ये २०-० पुढे होतो, रॉजर्सला गाडीत घालून आत नेला होता, तो लंगडत परत आला आणि २४-२३ ने घेऊन गेला. गेल्या नोव्हेंबरात २०-१९ मागे असताना सांतोसचा शेवटचा फील्ड गोल अडवला. २०११ च्या जानेवारीतल्या एनएफसी फायनलबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी ती थंडीत बसून बघितली त्यांना सांगायची गरज नाही.

म्हणून मला जॉन्सन आवडतो. जानेवारीत पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याने सांगितलं की लफ्लरला वर्षातून दोनदा हरवायला आपल्याला मजा यायची. बेअर्सचा कोच पॅकर्सबद्दल असं उघड बोलतो हे मी फार वर्षांनी ऐकलं. पण बोलणं वेगळं. काल त्यांना शेवटच्या मिनिटाला हरवायची संधी होती आणि पुन्हा त्यांनीच तोंडचा घास काढून घेतला. जोवर या टीमला शेवटच्या मिनिटात, त्यांच्यासमोर, एकदा जमत नाही, तोवर मी "पुरेसे सुधारले" म्हणणार नाही.

अवांतर: ईगल्सविरुद्ध दोघांनी शंभरी गाठली तशी बेअर्सकडून याआधी १९८५ मध्ये वॉल्टर पेटन आणि मॅट सुही यांनी गाठली होती. ती नावं परत ऐकून फार बरं वाटलं.

चीजनगरी · ९ डिसेंबर

काका, मन लावून वाचला प्रतिसाद. पण या वर्षीच्या जानेवारीत शेवटच्या सेकंदाला तुम्ही जिंकलात की.

जुना_शिकागोकर · ९ डिसेंबर

जिंकलो, आनंदही झाला. पण तुमची प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) जागा आधीच पक्की होती, लव्हचा हात दुखावून तो बाहेर बसला होता, आणि आपण तेव्हा ४-१२ होतो. ब्लॅकवेलने फसवून त्यांनी लाथेने लांब मारलेला चेंडू (पंट) ९४ यार्ड परत आणला ती खेळी अप्रतिम होती. तरी मी तिला कसोटी धरत नाही.

लायन्सवाला_देशपांडे (ट्रॉय, मिशिगन) · १० डिसेंबर

वाचतोय. बेन जॉन्सन तीन वर्षं आमच्या ऑफेन्सचा मेंदू होता, गेल्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५६४ गुण केले होते आम्ही. त्याच्याबद्दल एकच सांगतो. तो एखादी खेळी फसली तर ती टाकून देत नाही. तीच मांडणी, तीच माणसं, पुढच्या वेळी दुसरं टोक उघडतो. दोन आठवड्यांत त्याच टीमशी परत खेळायचं असेल तर मी जॉन्सनवर पैसे लावीन, लफ्लरवर नाही.

आकडेमोड · १० डिसेंबर

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यात थोडं खोलात जाता येईल.

पूर्वी बेअर्सचा क्वार्टरबॅक बहुतेक वेळा मागे उभा राहून चेंडू घ्यायचा. जॉन्सनने केलेबला बरेचदा सेंटरला (फळीतून चेंडू मागे देणाऱ्याला) खेटून उभं केलंय. तिथून चेंडू घेतला की पाठ बचावाकडे होते, आणि तो रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) देतोय की देण्याचं नाटक करून फेकणार आहे हे बचावाला अर्धा सेकंद कळत नाही. धाव चालत असेल तर तो अर्धा सेकंद लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या माणसाला) पुढे खेचतो आणि त्याच्या पाठीमागे जागा होते. थूनी वगैरे मंडळींमुळे धाव चालते, धावेमुळे हे नाटक चालतं, आणि त्यामुळे केलेबला कमी दडपणाखाली फेकता येतं. केलेबचा स्वतःचा अचूकपणा अजून खालीवर आहे. मोठे पास तो जितके छान टाकतो तितकेच साधे पास कधी कधी चुकवतो. पण ही साखळी त्याला सांभाळून घेते.

पॅकर्सकडे याला उत्तर होतं पार्सन्स. ऑगस्टच्या शेवटी डॅलसला पहिल्या फेरीचे दोन पिक आणि केनी क्लार्क देऊन त्याला आणलं, तो याच कामासाठी. नाटक कितीही छान असलं तरी तो कडेने इतक्या वेगाने येतो की क्वार्टरबॅकला वळून बघायलाच वेळ मिळत नाही. दुसरीकडे, क्लार्क गेला आणि थँक्सगिव्हिंगला डेव्हॉन्टे वायट जायबंदी झाला, त्यामुळे मधली फळी पातळ झालीय. काल दुसऱ्या हाफमध्ये बेअर्स जिथून धावत होते ते मधूनच. २० तारखेला तिथेच सुरुवातीपासून घुसावं लागेल. मागे पडून मग घुसायचं, हे दर वेळी जमणार नाही.

पुणे३० · १० डिसेंबर

आता पुन्हा रेकॉर्डिंग बघतो. हे कोणी असं मराठीत समजावून सांगितलंच नव्हतं.

निळीनारिंगी · १० डिसेंबर

रविवारी सकाळी प्लेऑफच्या क्रमवारीत पहिल्या नंबरचे दावेदार होतो आणि संध्याकाळी सातवे. एका मॅचने. डिव्हिजनची मॅच काय असते ते नवख्यांना यावरून कळेल.

मिशिगनकाठ · १५ डिसेंबर

दोन बातम्या. आपण क्लीव्हलंडला ३१-३ ने हरवलं. आणि डेन्व्हरमध्ये पॅकर्स ३४-२६ हरले. आता आपण १०-४, ते ९-४-१ (एक मॅच बरोबरीत). शनिवारी जो जिंकेल तो डिव्हिजनमध्ये वर.

पार्सन्सचा गुडघा गेलाय. सीझन संपला त्याचा. शत्रुपक्षाचा असला तरी वाईट वाटलं, असा खेळाडू मैदानावर असायला हवा. चीजनगरी, तुमच्याबद्दल मनापासून सहानुभूती.

चीजनगरी · १५ डिसेंबर

धन्यवाद. टकर क्राफ्ट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला, मग वायट, आता मायका. काल त्याला गुडघा धरून पडलेला बघितला आणि टीव्ही बंद करावासा वाटला. तरी लव्ह आहे, जेकब्स आहे, वॉटसन आहे. शनिवारी येतोय आम्ही.

एक मात्र आत्ताच लिहून ठेवतो. शनिवारी तुम्ही जिंकलात तर धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं कृपया म्हणू नका. प्रश्न "पॅकर्सना हरवण्याइतके" असा होता. हे पूर्ण पॅकर्स नाहीत.

निळीनारिंगी · १५ डिसेंबर

हे नाही चालणार. आमच्याकडे ओडुन्झेचा पाय दुखावलाय, त्याबद्दल कोणी सूट देतंय का? डिसेंबरात कुठलीच टीम पूर्ण नसते. जी उरलेल्या माणसांना घेऊन जिंकते ती चांगली टीम. क्लीव्हलंडकडून सप्टेंबरमध्ये तुम्ही १३-१० हरलात, तेव्हा तर पार्सन्स खेळत होता.

आकडेमोड · १५ डिसेंबर

क्लीव्हलंडची तुलना नको. तीन महिन्यांच्या अंतराने, वेगळ्या क्वार्टरबॅकसमोर खेळलेल्या मॅच आहेत त्या. पण दुखापतींबद्दल निळीनारिंगी यांच्याशी सहमत. ज्यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली माणसं तयार असतात त्यांचीच टीम नोव्हेंबरनंतर टिकते, आणि ती माणसं तयार करणं हासुद्धा सुधारणेचाच भाग आहे. बेअर्सकडे गेली काही वर्षं नेमकी तीच वानवा होती.

जुना_शिकागोकर · १९ डिसेंबर

तिकीट मिळालंय, मुलाने काढलं. थंडी आणि वारा दोन्ही असणार. बघू.

पुणे३० · २१ डिसेंबर

जिंकलो!!! २२-१६!! ओव्हरटाइम!!! सकाळी पावणेसातला सुरू झाली, शेजारी विचारायला आले काय झालं म्हणून.

मिशिगनकाठ · २१ डिसेंबर

अजून हात थरथरतायत, पण लिहून काढते.

पाच मिनिटं राहिली असताना १६-६ मागे. मधून धावायचं ठरवलं होतं ते फारसं चाललं नाही, एण्ड झोनजवळ जाऊन जाऊन रिकाम्या हाती परत येत होतो. दोन मिनिटांच्या आसपास सांतोसने ४३ यार्डांचा फील्ड गोल मारला, १६-९. मग ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम आखूड मारलेली किक. ती परत मिळवणं आजकाल जवळजवळ अशक्य आहे. पॅकर्सच्या रोमिओ डब्सच्या हातून चेंडू निसटला आणि ब्लॅकवेलने झडप घातली. परत ब्लॅकवेल! जानेवारीतली पंट त्याची, रेडर्सची अडवलेली किक त्याची, हीसुद्धा त्याचीच.

मग चौथा डाउन, चार यार्ड, २४ सेकंद. समोर दोन आठवड्यांपूर्वीचीच माणसं. केलेबवर धावून आले, त्याने उभ्या उभ्या चेंडू उंच सोडला आणि कोपऱ्यात जाहडे वॉकर. ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंही नव्हतं, ज्याचा हा लीगमधला पहिला टचडाउन. १६-१६. ओव्हरटाइममध्ये पॅकर्सनी चौथ्या डाउनवर चेंडू हातातून सोडला, आणि केलेबने डीजे मूरला ४६ यार्डांवर एण्ड झोनमध्ये शोधलं.

माझं उत्तर तेच आहे जे पहिल्या दिवशी होतं.

निळीनारिंगी · २१ डिसेंबर

बाबा रडले. बस, एवढंच.

चीजनगरी · २१ डिसेंबर

अभिनंदन. मनापासून.

तरी हेही लिहायला हवं. ऑस्टिन बुकरच्या धडकेने लव्ह दुसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर गेला. पुढे मलिक विलिस खेळला आणि चांगला खेळला. जानेवारीतही लव्ह बाहेर, विलिस आत. म्हणजे २०१९ पासून तुम्ही आम्हाला दोनदा हरवलंत आणि दोन्ही वेळा मॅच संपताना लव्ह मैदानावर नव्हता. तो पूर्ण मॅच खेळला त्या प्रत्येक वेळी आम्ही जिंकलो. माझ्या लेखी प्रश्न अजून उघडा आहे.

मिशिगनकाठ · २१ डिसेंबर

हा मुद्दा तुमचा सगळ्यात भक्कम आहे, त्याला नीटच उत्तर द्यायला हवं.

लव्ह असता तर तुमचे गुण वाढले असते, हे धरून चालते. पण मी जे बघत होते ते तुमच्या ऑफेन्सकडे नव्हतंच. ७ तारखेला चौथ्या डाउनवर आपण अडलो ते तुमच्या डिफेन्ससमोर. काल चौथ्या डाउनवर गुण काढले तेही त्याच डिफेन्ससमोर. निक्सन तिथे होता, मागची सगळी फळी तिथे होती. पार्सन्स नव्हता, हे खरं, पण तुमच्या माणसांनी केलेबला वेळ कुठे दिला? तो पास त्याने मागे झुकत टाकलाय. त्या क्षणात कोण बाहेर बसलंय याचा संबंध नव्हता. तिथे फक्त आमची अकरा माणसं आणि तुमची अकरा माणसं होती, आणि या वेळी आमच्यांना जमलं.

बाकी, मोठ्या फरकाने हरवू इतके सुधारलोय असं मी कधीच म्हटलं नाही. आपली सुरुवात अजून संथ आहे, तीन क्वार्टर चाचपडतो, केलेबचे सोपे पास चुकतात. सेकंडरी वॉटसनसमोर अजून उघडी पडते. हे सगळं पुढच्या वर्षीचं काम आहे.

आकडेमोड · २१ डिसेंबर

एका ऑनसाइड किकवर लटकलेल्या विजयावरून मी टीमचं मोजमाप करणार नाही. पण काल धाव अडली तरी बेअर्स जिंकले, हे मला नवीन आहे. आत्तापर्यंत धाव अडली की सगळंच अडायचं.

लायन्सवाला_देशपांडे · २१ डिसेंबर

सांगितलं होतं. आता आमच्या टीमबद्दल कोणी विचारू नका.

जुना_शिकागोकर · २२ डिसेंबर

घरी येऊन झोपलो, आज लिहितोय. वॉकरने चेंडू झेलला तेव्हा आमच्या रांगेतले सगळे उभे होते, आणि नंतर ओव्हरटाइम संपेपर्यंत कोणी खाली बसलं नाही. शेजारी एक पॅकर्सवाला पिवळी चीजची टोपी घालून बसला होता, त्याने शेवटी माझ्या मुलाशी हात मिळवला.

९ तारखेला मी एक अट घातली होती: शेवटच्या मिनिटात, त्यांच्यासमोर, एकदा. ती पूर्ण झाली. चीजनगरी, लव्हचा मुद्दा मला मान्य आहे, तो लवकर बरा होवो. पण २०१३ ला किंवा २०१८ ला आपल्याकडे कोण जखमी होतं हे आज कोणाला आठवत नाही. माझ्यापुरतं, ही टीम पॅकर्सना हरवण्याइतकी झाली आहे.

पुणे३० · २२ डिसेंबर

एक शंका. दोन्ही टीम प्लेऑफमध्ये गेल्या तर याच वर्षी तिसऱ्यांदा गाठ पडू शकते का?

चीजनगरी · २२ डिसेंबर

पडू शकते. तुम्ही डिव्हिजन जिंकलीत आणि आम्ही वाइल्ड कार्डमधून (डिव्हिजन न जिंकता मिळणाऱ्या जागेवर) आलो तर पहिल्याच आठवड्यात, सोल्जर फील्डवर. लव्ह तोवर परत आलेला असेल. तेव्हा याच धाग्यावर भेटू.